माया किती सोडता

डॉक्टर आरमायटींनी केसपेपर उलटा केला,
मागच्या कोऱ्या बाजूला पोट काढलं.
चित्र यथातथाच. बटव्याचं तोंड वाकडं.
मी म्हटलं, द्या इकडे.
चौतीस वर्षं चिंचपोकळीत बायकांचे ब्लाउज बेततेय,
गोलाई माझ्या हातात बसलीय.

त्या सांगत गेल्या, मी काढत गेले.
वर अंड्याएवढा बटवा, आता एवढंच तुमचं पोट.
उरलेलं काढायचं नाही, शिवून बाजूला ठेवायचं,
जसं उरलेलं कापड मी गिऱ्हाइकाला परत देते
आणि ते वर्षानुवर्षं पिशवीत पडून असतं.
मग आतडं. दीडशे सेंटिमीटर इकडे, सत्तर तिकडे.
अन्न एका वाटेनं येणार, पित्त दुसऱ्या,
भेट खाली, उशिरा.

"लांबी वाढवली तर वजन जास्त उतरेल?"
"थोडं. पण मग केस गळतात, हाडं पोकळ होतात."
"आणि जोडाचं भोक?"
"बारा मिलिमीटर."
म्हणजे काजाएवढं.
"मशीन की हातशिलाई?"
"पिना मशीनच्या. शेवटचे टाके हाताचे."
मग बरोबर.

दारातून वळून विचारलं,
"आणि माया किती सोडता?"
त्यांना कळेना. "माया? पेशंटवर?"
मी बाही उलटून दाखवली.
शिलाईच्या आत दुमडलेलं,
पुढं अंग भरलं तर उसवायला राखलेलं,
हे.
"मांसात नाही सोडता येत," त्या म्हणाल्या.
पंख्याखालची आया खुदकन हसली,
"आतड्याला माया नसते म्हणतात बाई!"

एकशे सतरा किलोंची मी
दोन वर्षांत चौऱ्याहत्तर.
सुरुवातीला चार चमचे मुगाचं पाणी, तेही अर्धा तास.
जाऊबाई म्हणाल्या, नजर लागली कुणाची.
माझेच ब्लाउज दर दोन-तीन महिन्यांनी आत घेत गेले,
एका कडेला सात शिलाया,
एकीच्या आत एक, वहीतल्या रेघांसारख्या.
काजं करायला येते ती रुक्साना म्हणायची,
कापून टाका ना, काखेत टोचतं.
कापलं नाही.

पाचव्या वर्षी अकरा किलो परत आले,
पागडीच्या भाडेकरूसारखे,
जागा आपलीच असल्यासारखे.
परळला दुर्बीण घातली.
पडद्यावर ओलं, लाल, उघडं भोक.
"सव्वीस मिलिमीटर. जोड सैल झालाय."
घसा सुन्न होता, तरी विचारलं,
चूक कुणाची? तुमच्या टाक्याची, की माझ्या तोंडाची?

त्या बराच वेळ गप्प.
"हात तोच, जोड तोच, आतड्याचं माप तेच,
आणि एक बाई पन्नास किलो उतरते, एक वीस.
टाका महत्त्वाचा आहे. पण किती, ते मला अजून नेमकं सांगता येत नाही."
हे मला पटलं. एका मापाचे दोन ब्लाउज
मीही एकसारखे बसवू शकलेले नाही कधी.

मग पडद्याकडे बघत, हळूच,
"तुम्ही विचारलं होतं ना, माया किती.
आम्ही सोडत नाही.
ते आपलं आपण सोडतं."
आतून टाके घालून आवळता येईल म्हणाल्या,
घाई नाही, विचार करा.

रात्री काळा ब्लाउज घेतला, ब्लेडनं
सातवी शिलाई उसवली. सहावी.
पाचवीपाशी थांबले.
दिव्यासमोर धरला तर जुन्या टाक्यांची भोकं
ओळीनं दिसतात. इस्त्रीनं जात नाहीत.

डॉक्टरांचा ब्लाउज मंगळवारी द्यायचाय,
भाचीची नवजोत आहे.
घट्ट बेता, म्हणाल्यात.
दीड इंच ठेवलीय आत.
सांगितलं नाही.